मासे आणि पुराचं पाणी

मासा म्हटला की मला अजूनही आधी तवा दिसतो. यात माझा काही दोष नाही. माझं माहेर पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. मृगाच्या सुमाराला चढणीचे मासे ओढ्यातून भाताच्या खाचरांत यायचे आणि आम्ही पोरं ते टोपलीनं धरायचो. धरायचा, साफ करायचा, खायचा, एवढाच माशाशी संबंध. त्याला काचेच्या भांड्यात ठेवायचं आणि वर त्यालाच खायला घालायचं, असं मला लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाची दृष्ट काढली असती.

अशा बाईवर नव्वदच्या दशकाच्या शेवटाला महाडमध्ये चार गोल्डफिश सांभाळायची वेळ आली. तेही दुसऱ्याचे.

लग्नानंतर आम्ही बाजारपेठेच्या मागच्या आळीत भाड्यानं राहायचो. आमचे हे एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे, मी घरी ब्लाउज शिवायची. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालकीण. तिला सगळी आळी खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. तिचे यजमान कधीचे वारले होते. एक लेक होती, आणि एक भाऊ, ज्याचे ट्रक महाड-मुंबई फिरायचे. खाला बोलायला तिखट आणि मी तिच्याहून तिखट. आमचं दोघींचं जमतं कसं, हे आळीला कोडं होतं. खरं सांगायचं तर मलाही होतं.

पहिल्याच पावसाळ्यात मी तिच्याशी वाकडं घेतलं होतं. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात तिचं एक मोठं निळं पिंप आणि शेजारी मातीचा रांजण असायचा, दोन्हींवर पांढरं फडकं बांधलेलं. "ह्याला हात लावू नको गो," ती म्हणाली होती, "ते पुराचं पाणी हाय." मी पडले डोंगरातली. मला वाटलं, गेल्या वर्षीचा पूर ह्या बाईनं माझ्या खोलीत साठवून ठेवलाय. गाळ असेल, मेलेले उंदीर असतील, शिवाय कसली रीत असेल कुणास ठाऊक. फडकं सोडून आत बघावं एवढीही अक्कल मला सुचली नाही. दोन दिवस नाक मुरडत काढले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं पिंप मोरीत ओतलं, फिनेलनं घासलं, आणि खाली जाऊन तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं की खाला, मी साफसफाई केली.

खाला पायरीवर बसली आणि तिनं कपाळाला हात लावला. मग मला कळलं की महाडच्या सखल भागात पुराचं पाणी म्हणजे पुरासाठी भरून ठेवलेलं पाणी. सावित्री नदी घरात शिरली की नळ बंद होतात, विहिरी गढूळ होतात, चहूकडे पाणी आणि प्यायला घोट नाही. म्हणून पावसाळा लागला की माळ्यावर चांगलं पाणी भरून ठेवायचं, आठवड्याला बदलत राहायचं. घरातलं सगळ्यात स्वच्छ पाणी ते. नदीतून जे घरात येतं त्याला कुणी पूरबीर म्हणत नाही. त्याला नुसतं पाणी म्हणतात. पाणी आलं म्हणजे पूर आला, एवढा धडा मी त्या दिवशी शिकले. अर्धाच शिकले होते, ते पुढे कळलं.

आता मासे. खालाच्या लेकीनं कॉलेजात असताना मुंबईच्या मावशीकडून ते आणले होते, तेव्हा बोटाच्या पेराएवढे होते म्हणे. गोल काचेच्या भांड्यात असायचे. खाली पाणी येतं म्हणून भांडं वर, माझ्या शिलाई मशीनशेजारच्या फळीवर. मग तिचं लग्न झालं. नवरा कुवेतला. व्हिसाचे कागद आले तशी ती निघाली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली, मग वर आली आणि माशांसमोर उभी राहून रडली. दुसऱ्या वेळी जास्त रडली, असं खालाचं म्हणणं होतं, आणि खाला अशा गोष्टी विसरणारी बाई नव्हती.

"वहिनी, एवढे जपा," लेक मला म्हणाली. मी तोंडभर हो म्हटलं. मनात म्हटलं, पाण्यातले जीव ते, पाण्यात राहतील, त्यात जपायचं काय?

पहिल्या आठवड्यात मी त्यांना भाताची शितं घातली, मग भाकरीचा चुरा घातला. पाणी पेजेसारखं झालं. हे म्हणाले, "थोडी सुकट घाल, त्यांना घरच्यासारखं वाटेल." मीही डबा काढायला उठले होते, मग हे का हसतायत ते लक्षात आलं. त्याच सुमाराला आई वाडीवरून आली. भांड्यासमोर बराच वेळ बसली आणि म्हणाली, "मोठे कवा होतील गो?"

"का?"

"माणशी एक तरी नको काय?"

शेवटी लेकीनंच फोनवरून मला शिकवलं. चिमूटभर खाणं, तेही दिवसातून एकदाच. पाणी सगळं बदलायचं नाही, थोडं काढायचं, थोडं घालायचं. नगरपालिकेच्या पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर असते, तिच्या वासानं मासे मरतात, म्हणून नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापरायचं. मी सगळं पाठ केलं. आणि माझा स्वभाव असा की एक गोष्ट मला आली की ती जगात दुसऱ्या कुणाला येत नाही असं मला वाटायला लागतं. माप द्यायला आलेल्या बायका गळा किती खोल ते सांगायच्या आत माशांच्या श्वासोच्छ्वासाबद्दल ऐकून घ्यायच्या. आळीत मला माशांची डॉक्टरीण म्हणायला लागले. ते चिडवतायत हे मला खूप उशिरा समजलं, तोवर मी नुसती खूश होते.

फोन शुक्रवारी यायचा, दुपारच्या नमाजानंतर. खाला आधीपासून केस विंचरून, चांगली ओढणी घेऊन फोनशेजारी बसायची, जशी काही लेक तिला तारेतून बघणार होती. फोन वाजायचा. खाला उचलायची. आणि पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "अम्मी, मासे कसे आहेत?"

खालाचा चेहरा पडायचा. ती फोन हातात तसाच धरून जिन्याकडं तोंड करून हाक मारायची, "ये गो, तुझ्या माशांचा फोन आलाय."

मी बोलून वर जायला निघाले की मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "मी मेले का जिती, ते मागाहून. आधी ते चार नवाब."

मला खालाची कीव यायची आणि लेकीचा राग यायचा. पण ती माझ्याशी बोलायला लागली की राग टिकायचा नाही. तिला सगळं बारीकसारीक हवं असायचं. आधी खायला कोण आला, तुटका कसा आहे. त्यातल्या एकाची शेपटी फाटलेली होती, त्याला आम्ही तुटका म्हणायचो. तुटक्याबद्दल ती सगळ्यात जास्त विचारायची, आणि विचारताना तिचा आवाज जड असायचा. एकदा म्हणाली, "मला इथलं पाणी मानवत नाही, वहिनी. अंघोळ केली तरी अंगाला परकंच लागतं." हे आईला सांगू नका, असंही म्हणाली. मी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी बातमी आली. पहिलं बाळंतपण, माहेरी येणार, श्रावणात. खालानं ती बातमी आळीत प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगितली, ज्यांना आधीच कळली होती त्यांनाही. खालाचा भाऊ म्हणाला, भाचीसाठी काहीतरी करू, आणि त्यानं मुंबईहून माशांची मोठी पेटी आणायचं ठरवलं. गरजही होती. मासे आता वीतभर व्हायला आले होते. महाडच्या स्टँडवर एसटी वळते तसे ते त्या गोल भांड्यात मागे-पुढे करून वळायचे.

खालाला मासे आवडायचे असं नाही. पण ती मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "हे बघ, ती आल्या आल्या त्या भांड्याकडं बघणार. त्यात एक जरी उलटा पडलेला दिसला ना..." मग म्हणाली, "ह्या दिवसांत पोरीला धक्का बसता नये."

"माझ्यावर सोडा," मी म्हटलं. माझं हे वाक्य जिथं जिथं आलंय तिथं तिथं काहीतरी बिघडलंय, हे तोवर मला माहीत असायला हवं होतं.

पेटी आली ती नेमकी लेक यायच्या आदल्या दिवशी. आमच्या खोलीत ठेवायचा बेत होता, पण यांनी पायानं खालची लाकडी तक्तपोशी दाबून बघितली आणि म्हणाले, "भरल्यावर ही पेटी माशांसकट खालाच्या डोक्यावर येईल." म्हणून ती खाली, खालाच्या पुढच्या खोलीत, कडप्प्याच्या ओट्यावर ठेवली. नदी आलीच तर बघू, उचलून वर नेऊ, असं ठरलं. बघू म्हणजे मी बघणार, हे गृहीत होतं.

मी पेटी साबण न लावता धुतली. वाळूचे खडे धुतले. टीसीएल उडून जावी म्हणून बादल्या, टब, डबे, घरातलं दिसेल ते भांडं नळाच्या पाण्यानं भरून आधीपासूनच उघडं ठेवलं होतं, ते सगळं पेटीत ओतलं. दुसऱ्या दिवशी मासे सोडायचे, संध्याकाळी लेक येणार. त्या दिवशी सकाळी माझा भाऊ दुधाच्या टेम्पोबरोबर पोलादपूरहून खाली उतरला होता, तो दारातूनच म्हणाला, "वरती आंबेनळीच्या घाटात पाऊस येड लागल्यासारखा पडतोय. नदीचं काय खरं नाय आज." मी ते ऐकलं आणि डोक्यात ठेवलं. तिथंच चुकलं.

दुपारी कार्यक्रम सुरू झाला. कार्यक्रमच म्हणते, कारण बघायला शेजारच्या दोन बायका येऊन बसल्या होत्या. मी जुन्या भांड्यातलं पाणी एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घेतलं, चारही मासे त्यात घेतले आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवून ती नव्या पेटीत तरंगत सोडली. उरलेलं जुनं पाणी एका डब्यात काढून ठेवलं. खाला रिकामं भांडं घेऊन मागं घासायला गेली. मी वाटीवाटीनं पेटीतलं पाणी पिशवीत घालत होते आणि तोंडानं व्याख्यान चालू होतं. मासा असा एकदम नव्या पाण्यात टाकायचा नसतो, त्याला धसका बसतो, आधी नवं पाणी त्याला थोडं थोडं चाखू द्यायचं. कुवेतहून आलेलं हे ज्ञान मी जणू जन्मतःच घेऊन आले होते, अशा थाटात सांगत होते.

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं! पाणी आलं!"

शेजारच्या दोघी ताडकन उठल्या आणि आपापल्या घरी पळाल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला सकाळचे भावाचे शब्द आठवले, आंबेनळी आठवली, आणि सावित्री दारात उभी दिसली. खाला मागून हात पुसत आली. "काय गो?"

"पाणी आलं."

"नळा..." एवढंच तिनं म्हटलं. मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "विचारत बसायला नदी थांबणार आहे का? चला, वर न्या सगळं."

मी घाबरले की हुकूम सोडते आणि माझा आवाज असा आहे की माणसं ते पाळतात. खालानं आधी कुराण शरीफ वर नेलं. मी माशांची पिशवी काढून वर नेऊन खुंटीला अडकवली. मग तांदळाचा डबा, टीव्ही, गाद्या, बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांची पेटी. मी जिन्यावरून वर-खाली धावत होते आणि मधूनमधून खालाला धीर देत होते. राहिली काचेची पेटी. भरलेली उचलणं शक्य नव्हतं. मगानं पाणी उपसायला लागले, ते संपेना. मग मी विचार केला, खाली नाहीतरी पाणीच येणार आहे, त्यात हे थोडं. खालाला म्हटलं, धरा तिकडून. आम्ही दोघींनी पेटी कलंडवली आणि सगळं पाणी पुढच्या खोलीत, तिथून माजघरात, तिथून स्वयंपाकघरात गेलं.

आम्ही पायाची बोटं भिजतील एवढ्या पाण्यात उभ्या होतो तेव्हा मघाच्यातली एक शेजारीण कळशी कमरेवर घेऊन दारात आली. "खाला, नळ सोडला नाय काय अजून? एवढ्यात जाईल पाणी." मग तिची नजर खाली गेली. "हे काय, तुमच्याकडंच कशी नदी आली?"

खालानं माझ्याकडं बघितलं. "नळाला होतं तर," ती म्हणाली.

महाडमध्ये पावसाळ्यात कुणी पाणी आलं म्हणालं की उलट विचारायचं असतं, नळाला की नदीला? हे तिथं लहान पोरालाही येतं. मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि जी शिकवायला तोंड उघडत होती तिला मी गप्प केलं होतं. त्या वर्षी आळीत सगळ्यात आधी पूर आला तो खालाच्या घरी, आणि तो मी आणला. हे शिफ्टवरून आले, दारात चपला काढाव्यात की नको असा विचार करत उभे राहिले, आणि म्हणाले, "नदी गेली कुठं?" मी यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पण हसण्यासारखं ते तेवढंच. मी वर गेले तर पिशवीतलं पाणी थोडंसंच उरलं होतं, घाईत सांडलं होतं, आणि चारही मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. तुटका तर मधूनच कलंडत होता. मुरवलेलं सगळं पाणी फरशीवर. डब्यात काढलेलं जुनं पाणी तेवढं वाचलं होतं, ते पिशवीभरही नव्हतं. जुनं भांडं खालानं मला मदत म्हणून साबणाच्या पावडरीनं लख्ख घासून ठेवलं होतं, त्यात मासे टाकणं म्हणजे त्यांना मारणंच. नळाला आलेलं पाणी तांबडं होतं आणि टीसीएलचा वास नाकात जात होता. आणि मुंबईहून लेकीची जीप निघाली होती.

मी जिन्यावर बसले आणि रडले. आधी रागानं रडले, मग खरंच रडले. त्या पोरीनं माझ्याकडं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. चार मासे जपा म्हणाली होती.

खाला माझ्या बाजूनं, गुडघ्यावर हात देत वर गेली. थोड्या वेळानं वरून हाक आली, "रडून झालं असेल तर वर ये."

तिनं पिंपावरचं फडकं सोडलं होतं. "घे."

"खाला, हे पुराचं पाणी."

"मला सांगतेस? मीच भरलंय."

"पण आज खरंच नदी आली तर? माझा भाऊ म्हणाला वरती..."

"आली तर तहानलेले राहू. रांजण हाय अजून थोडा." ती पिंपाकडंच बघत होती. "माझी पोर ते मासे बघायला येते."

"तुम्हाला बघायला येते," मी म्हटलं.

"ते तू मला सांगू नको," ती म्हणाली आणि कळशी पुढं केली.

आम्ही तिघांनी, म्हणजे यांनाही धरलं, कळशी कळशीनं ते पाणी खाली नेलं. ज्या पाण्यातला एक तांब्या चहाला घेतला तरी जी बाई आठवडाभर ऐकवायची, ती आता माझ्या हातून सांडू नये म्हणून प्रत्येक पायरीवर थांबत होती. पेटी अर्धीच भरली. डब्यातलं जुनं पाणी त्यात मिसळलं. पिशवी पुन्हा तरंगत सोडली, पुन्हा वाटीवाटीनं पाणी घातलं. या वेळी मी एक शब्द बोलले नाही. खाला शेजारी उभी होती. घाई करू नको, एवढंच मधूनमधून म्हणायची. मग मी पिशवी हलकेच आडवी केली आणि ते एकेक करून बाहेर पडले. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. तीन पोहायला लागले. तुटका तळाशी जाऊन बसला आणि हलेना.

लेक आली तेव्हा आम्ही फरशी पुसून नुकत्याच उठलो होतो. भरल्या पोटानं, जीपच्या धक्क्यांनी दमलेली. आईला सलाम केला, आईनं तिला जवळ घेतलं, आणि ती लगेच तिच्या खांद्यावरून पेटीकडं बघायला लागली. सुटली आणि पेटीसमोर जाऊन बसली. काचेला बोट लावलं. "तुटका का खाली बसलाय?"

खाला आत गेली.

माझं डोकं फिरलं. दिवसभराचं सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "तुला आईला विचारायला येत नाही का ग? दर शुक्रवारी आधी मासे, आज दारात पाऊल टाकलंस तरी मासे. हे पाणी कुठलं आहे माहीत आहे? पुराचं आहे. तुझ्या आईनं ओतलंय." पोटुशी बाईला असं बोलू नये. पण मी ऐकलं असतं तर मी मी नसते.

ती पेटीकडं तोंड करूनच बोलली. "वहिनी, अम्मीचा आवाज ऐकला की मला रडू फुटतं. तिकडं घरात सगळे बसलेले असतात. मी रडले तर अम्मी इथं जेवणार नाही, मला माहीत आहे. म्हणून आधी मासे विचारते. तुम्ही त्यांचं सांगत असता तेवढ्यात मी गळा नीट करून घेते. मग अम्मीशी बोलते." काचेवर पुन्हा बोट टेकवून म्हणाली, "आत्ताही तेच करतेय."

खाला मागं पाण्याचा पेला घेऊन उभी होती. केव्हापासून होती, माहीत नाही. तिनं पेला लेकीच्या हातात दिला, तिच्या शेजारी फरशीवर बसली आणि पेटीत बघायला लागली. दोघी बराच वेळ माशांकडंच बघत होत्या. मी वर गेले. मलाही कधीतरी कुठून उठायचं ते कळतं.

नदी त्या दिवशी आळीच्या तोंडापर्यंत आली आणि परत गेली. तुटका दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी खायला वर आला. आळीत मात्र मला पुढं कित्येक पावसाळे सुखानं जगू दिलं नाही. मी दिसले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "वहिनी, पाणी आलं," आणि जरा थांबून, "नळाला."

मुलगी झाली. चाळीस दिवस झाले, आणखी काही महिने झाले, मग लेक बाळाला घेऊन परत गेली. पहिला शुक्रवार आला. खाला केस विंचरून फोनशेजारी बसली. मी काहीतरी निमित्त काढून खालीच थांबले होते.

फोन वाजला. खालानं उचलला, कानाला लावला, आणि तोंड उघडून तशीच राहिली. मग तिनं पेटीकडं बघितलं.

"मासे बरे हायत गो," ती म्हणाली. "तुटका जाडा झालाय. सकाळी आधी तोच आला वर." आणि डोळे पुसत ती माशांबद्दल सांगतच राहिली, एकेकाचं, सावकाश, आवाज नीट होईपर्यंत.